बाईंच्या हाताचं माप

सदूकाका,

तुमच्या तेरवीला वाटायला चार ओळी लिहून दे, असं तुमच्या मुलीने, रेखाताईने सांगितलं. फोटो तिने आधीच पाठवला होता. मी चार ओळी लिहिल्या. तुमचं गाव, तुम्ही कुठे शिकलात, कुठे कुठे तुमचे पुतळे उभे आहेत. वाचून पाहिल्या आणि बाजूला ठेवल्या. त्यात खोटं काही नव्हतं. पण एक पुतळा तुम्ही बिघडवला असं आमची सगळी वस्ती म्हणते, आणि तो तुम्ही नाही, मी बिघडवला होता, ही गोष्ट त्या चार ओळींत कुठे बसत नव्हती.

म्हणून हे मोठं पत्रक. मागच्यासारखं हेही तुम्हाला आधी न दाखवताच छापते आहे.

दुसऱ्यांच्या घरी भिंतीला कॅलेंडर असायचं, आमच्या घरी भिंतीला टेकून पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून ती वाटायला जायचे. मी अक्षरं त्यांच्यावरून शिकले. एखादी गोष्ट खटकली की इतर माणसं भांडतात, रुसतात. मी छापते. तुम्हाला हे पहिल्याच भेटीत कळलं होतं.

त्या दिवशी मी समितीबरोबर तुमच्या शेडवर आले होते, मनीषनगरच्या रेल्वेफाटकापलीकडे. आमच्या अनसूयाबाई जाऊन सहा महिने झाले होते. कोराडी रोडवरच्या आमच्या वस्तीतल्या शाळेत त्यांनी बाबांना शिकवलं, मला शिकवलं, आणि शाळेच्या फाटकापाशी त्यांचा पुतळा बसवायचं वस्तीने ठरवलं होतं. आम्ही आत आलो तेव्हा तुम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थांना स्टुलावर बसवून लोखंडी कंपासाने त्यांच्या दोन्ही कानांमधलं अंतर घेत होता. मी तिथेच सुरू झाले. राज्य करणाऱ्यांनी माणसांची नाकं मोजली, कवट्या मोजल्या, आणि त्या मापांवरून कोण वरचा आणि कोण खालचा ते ठरवलं. मोजणं हे काही भोळं काम नाही. त्यावरचं एक पत्रक माझ्या पिशवीत होतंच. म्हातारे गृहस्थ मान न हलवता सगळं ऐकत होते, कारण तुम्ही त्यांना हलू नका म्हणून बजावलं होतं.

"झालं?" तुम्ही विचारलं.

"हो."

"मंग इकडे ये. या टिनाले पाठ लाव. हात पसर."

मी का ऐकलं ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही खडूने माझ्या डोक्यावर एक रेघ ओढली, दोन्ही मधल्या बोटांच्या टोकांशी दोन रेघा ओढल्या, आणि टेप लावला.

"उंची बासष्ट. हात साठ. तुये हात उंचीले कमी पडले."

"मग?"

"मंग काही नाही. हात पुरत नाही, म्हणून कागद फेकतं तू."

स्टुलावरचे गृहस्थ हसले. तुम्ही कपाळाला हात लावलात. "हलले ना जी तुम्ही. आता पुन्हा घ्या लागते माप."

मला राग आला होता. नंतर तीन-चार दिवसांनी मीच ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटले.

पसरलेल्या हातांचं माप मला नवं नव्हतं. आम्हाला ते बाईंनी चौथीत शिकवलं होतं. वर्गाच्या मागच्या भिंतीशी त्या एकेका पोराला उभं करायच्या. आधी उंचीची खूण, मग हात पसरून वावेच्या, म्हणजे दोन्ही हातांच्या टोकांच्या, दोन खुणा. दोन्ही मापं जवळपास सारखी निघायची, बोट-दोन बोटं इकडेतिकडे. पोरांना हे खरं वाटायचं नाही, म्हणून ती आपापल्या घरी आईबापांना भिंतीला लावून मोजायची. शेवटी आम्ही बाईंना मोजायचो. उंची अठ्ठावन्न इंच, वाव चौसष्ट. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात सव्वीस. "माझे हात माझ्या पुढं निघून गेले," बाई म्हणायच्या. "म्हणून शेवटच्या बाकावरचा कान मला इथूनच सापडतो." शाळेला रंग द्यायचा ठरला तेव्हा आम्ही त्या भिंतीवर मोठे कागद चिकटवून सगळ्या खुणा उतरवून घेतल्या. बाईंचा कागद मी माझ्याकडे ठेवला. तो तुमच्यासमोर उलगडला तेव्हा मला वाटलं, आता काम सोपं आहे. माप आहे. मापाप्रमाणे करायचं.

तुम्ही कागद पाहिलात, गुंडाळलात आणि म्हणालात, "जागा दाखवा."

तुम्ही बाईंचं माप बाजूला ठेवून गल्लीचं माप घेतलंत. मी ते पुढे पत्रकात लिहिलं होतं, टिंगल म्हणून. चबुतरा आठ फुटांचा बांधून झाला होता. समोर पानठेला, त्याच्यामागे भिंत. चबुतऱ्यापासून भिंतीपर्यंत अकरा फूट.

"लोक कुठून पाहतीन?" तुम्ही विचारलं.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "समोरूनच."

"समोर जागा कुठं हाय? बुडाशी उभे राहून मान वर करतीन."

मग तुम्ही रेखाताईला शिडीने चबुतऱ्यावर चढवलं. बाई फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात रोजची तारीख लिहायच्या, टाचा उचलून, हात पूर्ण वर ताणून. पुतळा त्याच पवित्र्यात करायचा होता. रेखाताईने हात वर केला. खडू दिसेना म्हणून तुम्ही तिच्या हातात शाळेचा झाडू दिलात. पानठेलेवाला म्हणाला, "काकाजी, पोरीलेच बसवून द्या ना. बाईपरस बरी दिसते." रेखाताई वरून म्हणाली, "खाली आल्यावर सांगतो तुले." आणि तुम्ही भिंतीला पाठ लावून उकिडवे बसलात, एक डोळा मिटून वर पाहत राहिलात. दहा मिनिटं तरी. मला वाटलं, हा माणूस वेळ घालवतो आहे.

दोन महिन्यांनी मातीचा पुतळा उभा राहिला म्हणून कळलं. मी टेप घेऊनच आले. चेहरा पाहिला आणि तिथेच थांबले, कारण बाई चिडायच्या आधी डावा ओठ जरासा दाबायच्या तो तुम्ही बरोबर पकडला होता, आणि तुम्ही तर त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. हे मी तेव्हा बोलले नाही. टेप काढला आणि वर केलेला हात मोजला. एकोणतीस इंच.

"हे काय आहे?"

"हात."

"बाईंचा हात सव्वीस होता."

"भिंतीवर सव्वीस होता. आठ फुटावर चढला का एकोणतीस लागते."

"वर चढला की हात वाढतो?"

"हात नाही वाढत वं. पाहणारा कमी पडते." तुम्ही ओल्या फडक्याने हात पुसत होता. "खालून पाह्यलं का वर उचलेला हात दबते. कोपरापुढचा तर दिसतच नाही. जेवढा होता तेवढा दिसावा, म्हणून चार बोटं वाढवा लागते. हे म्या नाही काढलं. सगळेच करतात."

सगळेच करतात, हे ऐकून मी पेटले. सगळे करतात म्हणूनच तर. या शहरात जितके पुतळे आहेत त्यांची छाती रुंद केलेली, पाय लांब केलेले. माणसं होती त्याहून मोठी करायची, म्हणजे खालच्यांनी हात जोडावेत. आमच्या बाई चार फूट दहा इंचांच्या होत्या आणि त्यांनी जे केलं ते चार फूट दहा इंचांत केलं. त्यांना वाढवणं हा त्यांचा अपमान आहे. मी असं बरंच बोलले. तुमची शेड टिनाची असल्याने माझा आवाज मलाच मोठा ऐकू येत होता.

तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी म्हणे मोजाचंच नाही. आज टेप घेऊन आली. एक काय ते ठरव."

मी टेप गुंडाळून पिशवीत टाकला. आणि घरी जाऊन पत्रक लिहिलं.

'आमच्या बाई जशा होत्या तशाच' हे त्याचं नाव. एका रात्रीत नाही, नीट चार दिवस बसून लिहिलं. त्यात भिंतीवरच्या खुणा होत्या, बाईंची मापं होती, तुमचं नाव नव्हतं, पण 'मूर्तिकार' होता आणि 'गल्ली मोजणारे मूर्तिकार' होते. 'चार बोटांचं खोटंही खोटंच' ही ओळ ठळक छापली होती. वस्तीतल्या प्रत्येक घरी गेलं. लोकांना आवडलं. समिती घाबरली. अध्यक्षांनी तुम्हाला फोन करून सांगितलं, कागदावर जे माप आहे तेच ठेवा, आम्हाला वाद नको.

मला तुमचा फोन आला. "परवा ये. तुयासमोरच कापतो."

परवा कशाला, आज का नाही, हे मी विचारलं नाही. दोन दिवसांनी आले. तुम्ही तार घेतली, कोपराच्या पुढची आणि मागची माती कापून काढली, तुकडे सांधले, बोटाने सांधा सारवला. रेखाताई भिंतीशी उभी होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. "घे, मोज," तुम्ही म्हणालात. सव्वीस.

माझं पत्रक तुमच्या खिडकीत खोचलेलं होतं. मी त्याकडे पाहिलेलं तुम्हाला दिसलं. "लिवलं चांगलं हाय," तुम्ही म्हणालात. "पण बसून लिवलं."

मी हसले. मला तो माझ्या आळसावरचा टोमणा वाटला.

पुतळा बसला. फायबरचा, वर तांबूस रंग. पडदा काढला तेव्हा टाळ्या झाल्या आणि टाळ्या थांबल्यावर लोक वर पाहत राहिले. मी पानठेल्याशी उभी होते. बाईंचा चेहरा बरोबर होता, पदर बरोबर होता, टाचा उचललेल्या होत्या. आणि खांद्यातून एक आखूड, थिटा हात निघाला होता, लहान मुलाचा असावा तसा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचणारा तो हात नव्हता. त्या हाताला कुठेच पोचता आलं नसतं. हे मला पहिल्या मिनिटाला दिसलं.

पानठेलेवाला तुम्हाला म्हणाला, "काकाजी, बाकी मस्त झालं. हात लहान झाला ना जी?"

मी तुमच्यापासून दोन पावलांवर होते. माझ्या पिशवीत पत्रकाच्या उरलेल्या प्रती होत्या. तुम्ही वर पाहिलंत, पान तोंडात टाकलंत आणि म्हणालात, "हो. चुकला."

सदूकाका, मी या वाक्याजवळ दीड वर्षं अडकले आहे. तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर मी भांडले असते आणि भांडताना कदाचित खरं बोलून गेले असते. तुम्ही तीही सोय ठेवली नाहीत. मी गप्प राहिले. मग ते गप्प राहणं रोजचं झालं. त्या गल्लीतून जाताना मी मोबाइलमध्ये पाहत जाते. पोरं त्या पुतळ्याला 'आखूडहाती बाई' म्हणतात. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्यावरही पत्रक काढलं असतं.

मधे एकदा तुम्ही मला सीताबर्डीत भेटलात, बसची वाट पाहत. आपण कडाक्याच्या उन्हाबद्दल बोललो, माझ्या नोकरीबद्दल बोललो. बस आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "ये ना एकदा शेडवर. एक चीज दाखवाची हाय तुले." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येते. पुढच्या आठवड्यात मी मोकळीच होते.

तुम्हाला न्यायची तयारी चालली होती तेव्हा अंगणात दोन माणसं बोलत होती. एक म्हणाला, "सदूभाऊचा हात लय चांगला होता." दुसरा म्हणाला, "शेवटी शेवटी नजर गेली होती गा. कोराडी रोडवरच्या बाईचा हात पाह्यला नाही का?" मी तिथेही गप्प होते. तुमचे हात चादरीखाली छातीवर बांधले होते. तुम्ही सगळ्यांची वाव सांगायचात, तुमची स्वतःची किती होती ते मी कधी विचारलं नाही.

तुम्ही गेल्यावर सहाव्या दिवशी मी शेडवर आले. कामासाठी नाही, रेखाताईला भेटायला. ती एका अर्धपुतळ्याला पॉलिश पेपर घासत होती. शेड आता तिलाच चालवायची आहे. मौद्याहून एका शाळेचे लोक येऊन गेले, म्हणाली. त्यांना संस्थापकांचा पुतळा हवा आहे, उभा, हात पुढे केलेला.

"मग?"

"मंग काय. निघताना म्हणे, हात नीट कराल ना? तिकडं एक पाह्यला आम्ही."

तिने पेपर खाली ठेवला, मागे गेली आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन आली. माझ्यासमोर ठेवून पोतं सोडलं. हात होता. खांद्यापासून बोटांपर्यंत, मुठीत खडू, तांबूस रंग दिलेला, जोडायचे बोल्टसुद्धा बसवलेले. मला मोजायची गरज नव्हती, पण तिने टेप पुढे केला. एकोणतीस.

"हा कधी केला?"

"साचा तर तवाच घेतला होता. तू कापतानी पाहाले येनार होती त्याच्या आदल्या दिवशी. बाबा म्हणे, परवा बोलावतो तिले, तोवर साचा काढून घेऊ."

"मला सांगितलं का नाही?"

"म्या म्हटलं फोन करा. म्हणे, नाही. सांगून नाही कळत ते. खालून पाहू दे तिले. पाह्यलं का येईन अन् विचारन." ती थांबली. "तू पाह्यलं नाही?"

"पाहिलं."

"कवा?"

"पहिल्याच दिवशी."

 रेखाताईने हात उलटा केला. खांद्याच्या बाजूने तो पोकळ असतो. आतमध्ये पेन्सिलीने तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: बाई. २९. खालून पाहाचा.

काल सकाळी आम्ही दोघी तो घेऊन वस्तीत गेलो. समितीला मी आधीच सांगितलं होतं, सगळं, पहिल्यापासून. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "हे तेव्हा बोलायचं होतं." रिक्षातून नेताना तो हात माझ्या मांडीवर होता आणि विचित्र दिसत होता, एखाद्या भल्यामोठ्या बाईचा. तो आपल्या बाईंचा असेल असं मला जवळून तरी वाटलं नाही. रेखाताई शिडीवर चढली. आखूड हाताचे बोल्ट काढले, तो हात माझ्याकडे दिला, आणि लांब हात वर घेऊन खांद्याशी धरला.

"खालून पाह्य," ती वरून म्हणाली.

मी उभी होते. मग भिंतीला पाठ लावून, तुम्ही बसला होता तिथे उकिडवी बसले. मान वर केली. बाई टाचा उचलून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहीत होत्या.

"बरोबर?"

"बरोबर."

"नीट पाह्य. मंग म्हणशीन लांब झाला."

"बरोबर आहे, ताई. आवळ."

छाती रुंद करणारे आणि पाय लांब करणारे यांच्याबद्दल माझं मत आजही तेच आहे, आणि त्यावर आपलं भांडण व्हायचं राहिलं आहे. तुम्ही असता तर विचारलं असतं की चार बोटं कुठे संपतात आणि फुशारकी कुठे सुरू होते. तुम्ही बहुधा म्हणाला असता, जागा दाखव. हे भांडण मी आता रेखाताईशी करीन. मौद्याला तिच्याबरोबर जायचं आहे, रस्ता मोजायला.

तेरवीला आलेल्यांनी हे पत्रक घरी न्यावं. ज्यांच्याकडे मागचं असेल त्यांनी दोन्ही एकत्र ठेवावीत. बाईंचा हात सव्वीस इंच होता, हे मागच्या पत्रकातलं वाक्य बरोबर आहे. त्यानंतर हाताबद्दल जेवढी वाक्यं आहेत तेवढी मी मागे घेते. ती मी घरी बसून लिहिली होती, खालून वर न पाहता.